गाणं सुरू झालं की उठवा

नाशिकच्या गंगापूर रोडवर राहणाऱ्या माणसाला मार्च लागला की दोनच प्रश्न विचारले जातात. एक, तुमच्याकडे टँकर लागतो का. आणि दोन, यंदा कुठे? पूर्वी दुसऱ्या प्रश्नाला महाबळेश्वर किंवा फार तर कोकण असं उत्तर दिलं तरी निभायचं. आता जेहान सर्कलच्या पुढे फ्लॅट घेऊन सुट्टीत दापोलीला जाणाऱ्या माणसाकडे लोक काळजीनं बघतात. धंद्यात खोट आली का, हा प्रश्न त्यांच्या अगदी ओठांवर आलेला दिसतो. आमच्या सोसायटीचं थायलंड झालं, दुबई दोनदा झाली, ए विंगचं व्हिएतनामही झालं. तेव्हा आमच्या घरात इटली ठरलं.

इटली ठरवण्यात माझा वाटा पैसे भरण्यापुरता. बायकोचं म्हणणं असं की, पिसाचा मनोरा हातानं ढकलतानाचा फोटो काढायचा असेल तर तो आता फोनमध्ये घरबसल्याही करता येतो. मुलांना तिथलं संगीत ऐकवायचं. ऑपेरा, व्हायोलिन, काहीतरी खरंखुरं, समोर बसून. आमची थोरली बारा वर्षांची, ती गाण्याच्या क्लासला जाते. धाकटा सात वर्षांचा, तो तबल्याच्या क्लासला जातो, कारण तो क्लास थोरलीच्या क्लासच्या खालच्याच मजल्यावर आहे आणि एका फेरीत दोघांना सोडता येतं. गंगापूर रोडवर मुलांचे कलागुण पुष्कळदा पार्किंग बघून ठरतात.

सहल कंपनीच्या मुलाला विचारलं, तर तो म्हणाला, "सर, ऑपेरा आपल्या पॅकेजमध्ये नाही, पण जैन जेवण आहे. आणि व्हेनिसला गोंडोला राइड आहे." गोंडोलावाला गातो ना? "तो वल्हवतो, सर. गाणारा वेगळा घ्यावा लागतो. त्याचे पैसे वेगळे." एवढं ऐकून आम्ही शोध स्वतःकडे घेतला.

शोधात पहिल्यांदा लागलं व्हेरोना. तिथे पहिल्या शतकातलं रोमन रंगमंडल आहे. 1913 साली व्हर्दीच्या जन्मशताब्दीला तिथे त्याचा 'आयदा' उभा राहिला आणि तेव्हापासून, महायुद्धांसारखे खंड सोडले तर, त्या उघड्या रंगमंडलात दर उन्हाळ्यात ऑपेराचा महोत्सव होतो. स्वस्तातलं तिकीट काढलं तर दिवसभर तापलेल्या दगडी पायऱ्यांवर बसायचं, उशी भाड्यानं घ्यायची, अंधार पडू लागला की लोक छोट्या मेणबत्त्या लावतात. वाचूनच बायको हरखली. पण महोत्सव सुरू होतो जूनच्या मध्यात, म्हणजे नेमकी आपल्याकडे शाळेची घंटा वाजते तेव्हा, आणि संपतो सप्टेंबरात, म्हणजे सहामाही परीक्षेच्या तोंडावर. शिवाय खेळ लागतो रात्री नऊच्या सुमाराला आणि सुटतो मध्यरात्र उलटल्यावर. मिलानच्या ला स्काला नाट्यगृहात, जे 1778 पासून चालू आहे, मुलांसाठी छोटे केलेले ऑपेरे होतात असं कळलं. फार चांगली गोष्ट. पण त्यांच्या तारखा बघितल्यावर लक्षात आलं की, इटलीच्या लोकांनी हंगाम आखताना महाराष्ट्राच्या शिक्षण खात्याला विचारलेलं नाही.

हे सगळं आप्पा ऐकत होते. आप्पा म्हणजे माझे वडील. जन्म पंचवटीतला, गंगापूर रोडला येऊन वीसेक वर्षं झाली, तरी अजून "गावात जाऊन येतो" म्हणून रविवार कारंजाकडे निघतात. ते म्हणाले, "इटालियन कळतं का पोरांना?"

"समोर भाषांतर दिसतं, आप्पा. ला स्कालाला तर खुर्चीच्या पाठीवर छोटा पडदा असतो."

"म्हणजे वाचायलाच जायचं. अरे, ऑपेरा म्हणजे आपलं संगीत नाटकच की. अण्णासाहेब किर्लोस्करांनी 1882 साली 'सौभद्र' लावलं, ते यांना दाखवलंस का? ते सोड. इथून दहा मिनिटांवर कुसुमाग्रज स्मारक. त्याच्या अलीकडे-पलीकडे कुर्तकोटी सभागृह. तिथे गाणं असतं तेव्हा तू कुठे असतोस?"

मी कुठे असतो ते आप्पांना माहीत होतं. मिसळ खायला.

मग आप्पांचा पलुसकर अध्याय सुरू झाला. तो आमच्या घरात सत्यनारायणाच्या कथेइतका पाठ आहे, आणि तसाच मध्ये उठून चालत नाही. विष्णू दिगंबर पलुसकर, ज्यांनी 1901 साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं, ते उत्तरायुष्यात नाशिकला येऊन राहिले, आश्रम काढून रामनामात रमले. त्यांचे चिरंजीव दत्तात्रेय, म्हणजे डी. व्ही. पलुसकर, 1921 साली नाशिकचेच जन्मलेले. दहाव्या वर्षी वडील गेले. चौदाव्या वर्षी त्यांनी जालंधरच्या हरवल्लभ मेळ्यात मैफल केली. "चौदाव्या!" असं म्हणून आप्पा थोरलीकडे बघतात. थोरलीला चौदाला अजून दोन वर्षं आहेत, त्यामुळे ती शांत असते.

या बालप्रतिभावंतांच्या गोष्टी आईबापांना निरुपयोगी असतात हे माझं जुनं मत आहे. कुमार गंधर्वांनीही दहा-अकराव्या वर्षी मुंबईची बडी बडी मंडळी थक्क केली, मान्य. पण ते गात होते. गाणाऱ्या मुलाला बसवावं लागत नाही. आमच्यासमोरचा प्रश्न ऐकणाऱ्या मुलाला दोन तास खुर्चीत कसं ठेवायचं हा होता, आणि यावर कुठल्याही घराण्यात बंदिश नाही.

तरी ठरलं की, व्हिसाच्या तारखेची वाट बघताना मुलांना बसायची सवय करायची. इटलीचा सराव गंगापूर रोडवर.

पहिल्या मैफलीच्या पत्रिकेवर लिहिलं होतं, "सायंकाळी ठीक सहा वाजता". मराठी पत्रिकेत वेळेआधी "ठीक" हा शब्द दिसला की जाणता माणूस त्यात पाऊण तास मिळवतो. आम्ही मुलांसाठी म्हणून पावणेसहालाच जाऊन बसलो. सभागृहात आम्ही चौघं, एक वॉचमन आणि माइकवर "हॅलो, चेक, वन टू" करणारा मुलगा. धाकट्यानं विचारलं, "हेच गाणं आहे का?"

सहा पस्तीसला दीपप्रज्वलन. पंखा चालू असल्यामुळे काडी विझे, म्हणून पंखा बंद. मग समई लागली पण पाहुणे घामाघूम, म्हणून पंखा चालू. मग समई विझली. हे मात्र धाकट्यानं फार मन लावून पाहिलं. त्यानंतर ईशस्तवन, प्रास्ताविक, परिचय, शाल, श्रीफळ, पुष्पगुच्छ. पुष्पगुच्छ देतानाचा फोटो नीट आला नाही म्हणून पुन्हा पुष्पगुच्छ. प्रायोजक बांधकाम व्यवसायातले होते. त्यांनी संगीत आणि थ्री बीएचके यांच्यातला आंतरिक संबंध उलगडून दाखवला. प्रमुख पाहुणे म्हणाले, "खरं म्हणजे मला गाण्यातलं काही कळत नाही," आणि मग जे कळत नाही त्यावर पंचवीस मिनिटं बोलले. गायिका बिचाऱ्या स्टेजच्या कडेला शाल घेऊन, चेहऱ्यावर एकच हसू धरून बसलेल्या. तेवढा वेळ एक स्वर लावून दाखवा म्हटलं तर मोठमोठ्यांचा दम जाईल.

धाकटा माझ्या मांडीवर आडवा झाला आणि म्हणाला, "गाणं सुरू झालं की उठवा."

मला वाटलं, संपलं. हा आता घरीच उठणार. पण भाषणं संपून तबलजींनी हातोडी काढली आणि तबल्याच्या गट्ठ्यांवर टक् टक् सुरू केलं, तसा तो आपोआप उठून बसला. एका ठोक्यानं स्वर वर जातो, दुसऱ्यानं खाली येतो, तबलजी कान खाली नेऊन तानपुऱ्याशी ताडून बघतात, मान हलवतात, पुन्हा ठोकतात. बाकीचे श्रोते तेवढ्यात मोबाइल बघत होते. धाकटा खुर्चीच्या टोकावर. माझ्या कानात म्हणाला, "क्लासमध्ये सर आम्हाला हातोडीला हात लावू देत नाहीत."

मग यमन सुरू झाला. विलंबित एकताल. इथे थोरली परीक्षकाच्या भूमिकेत शिरली. तिची गांधर्वची परीक्षा नुकतीच झाली होती. यमनाचा थाट कल्याण, वादी गंधार, संवादी निषाद, वेळ रात्रीचा पहिला प्रहर, हे तिला झोपेतून उठवून विचारलं तरी येतं. प्रारंभिक झाली, प्रवेशिका झाली, प्रमाणपत्रं लॅमिनेट झाली. पण समोर बसून गाणं ऐकायची ही तिची पहिलीच वेळ. आपल्याकडे हे सर्रास चालतं. पोहण्याच्या क्लासला मुलं निदान पाण्यात उतरतात. दहा मिनिटांनी तिनं निकाल दिला, "बाबा, मध्यम तीव्रच लावतायत. बरोबर आहे." गायिकेला उत्तीर्ण करून ती निवांत झाली, आणि मग, मला वाटतं, तिनं ऐकायला सुरुवात केली. कारण त्यानंतर ती काही बोलली नाही.

धाकट्याचा प्रश्न वेगळा होता. त्याला एकताल येतो, पण त्याच्या क्लासमधला एकताल बारा मात्रांना बारा सेकंदांत संपतो. इथे एका आवर्तनाला, म्हणजे समेपासून पुन्हा समेवर यायला, पाऊण मिनिट. तो बोटांवर मोजत होता. सातव्या मात्रेवर बोट धरून त्यानं विचारलं, "सम कधी येणार?"

"येईल."

"नक्की येईल का?"

"नेहमी येते."

अकरा. बारा. गायिका दूरवर कुठेतरी निषादावर फिरत होत्या, परतायचं काही लक्षण दिसत नव्हतं. धाकट्यानं श्वास रोखला. आणि त्या कुठूनशा वळून, मुखड्याचा पदर पकडून अशा अलगद समेवर उतरल्या, की हा खुर्चीतून उसळून ओरडला, "आली!"

सभागृह हसलं. पुढच्या रांगेतल्या एका आजोबांनी वळून त्याच्याकडे बघून मान डोलावली. गायिकेनंही गाता गाता त्याच्या दिशेनं हात केला. त्यानंतरची प्रत्येक सम त्यानं स्वतःच्या जबाबदारीवर आणली. विलंबित ख्याल मुलांना कंटाळवाणा वाटतो असं सांगणाऱ्या मोठ्यांना समेची वाट बघता येत नसते, एवढाच त्याचा अर्थ. लपंडाव खेळणाऱ्या मुलाला ते शिकवावं लागत नाही.

मध्यंतरात बटाटेवडा आणि कॉफी. या संस्थेचं महत्त्व संगीतसमीक्षकांनी कधी ओळखलेलं नाही. वडा संपल्यावर मी म्हटलं, आता जायचं तर जाऊ. धाकटा म्हणाला, "अजून द्रुत व्हायचंय."

सगळेच सराव असे सुफळ झाले नाहीत. एकदा एका नदीकाठच्या बागेत गाणं होतं. आता आनंदवलीपासून पुढे गोदाकाठानं लग्नाची लॉन्स अशी लागून आहेत की, लग्नसराईत वाऱ्यालाही पत्रिका लागते. गायकांनी काळी एकमध्ये षड्ज लावला आणि शेजारच्या लॉनवर नवरदेव घोड्यावर बसला. पुढचा अर्धा तास मारव्यात डीजे आणि डीजेत मारवा. मारवा म्हणजे आधीच षड्जाला टाळत जाणारा, हुरहुर लावणारा राग. त्या दिवशी त्याला षड्जावर यायची सोयच राहिली नाही. गायक मात्र फार मोठ्या मनाचे. थांबले, हसले आणि म्हणाले, "त्यांचा मुहूर्त ठरलेला आहे, आपला नाही. आपण थांबू." वरात आत गेल्यावर त्यांनी पुन्हा सुरुवात केली. मुलांना हा प्रसंग इतका आवडला की, पुढच्या प्रत्येक मैफलीत धाकटा विचारायचा, "आज घोडा आहे का?"

तर अशी तयारी करून आम्ही मे महिन्यात इटलीला गेलो. पिसा झालं, हातानं ढकललं. रोम झालं, पाय दुखले. आणि व्हेनिसला एका जुन्या चर्चमध्ये व्हिवाल्डीचे 'चार ऋतू' ऐकायची तिकिटं मिळाली. व्हेनिसमध्ये अशा मैफली चर्चमधून संध्याकाळी होतच असतात. सव्वा-दीड तासाचा कार्यक्रम, मुलांना अगदी बेताचा. या व्हिवाल्डीची गोष्ट मी मुलांना वाटेत सांगितली. तो पाद्री. 1703 साली तिथल्या एका अनाथाश्रमात मुलींना व्हायोलिन शिकवायला लागला आणि त्या मुलींचा वाद्यवृंद पुढे युरोपभर गाजला. लोक दुरून ऐकायला यायचे. मुली सज्जात जाळीआड बसून वाजवायच्या. थोरलीनं विचारलं, "त्यांना परीक्षा होत्या का?" आप्पा बरोबर असते तर त्यांनी इथे पलुसकर आणले असते.

साडेआठची वेळ होती. साडेआठला दिवे मंद झाले, सातआठ वादक चालत आले, वाकले आणि थेट वाजवायलाच लागले. धाकटा गोंधळला. इकडेतिकडे बघून मला हळूच म्हणाला, "बाबा, यांचे प्रमुख पाहुणे आले नाहीत वाटतं."

वसंत ऋतूच्या दुसऱ्या भागात सगळी व्हायोलिनं हलकेच वाजत असतात, मेंढपाळ झोपलेला असतो आणि व्हायोला मधूनमधून दोन जाड स्वर टाकतो. तो मेंढपाळाचा कुत्रा. व्हिवाल्डीनं तसं स्वरलेखनातच लिहून ठेवलंय. हे मुलांना आधी सांगून ठेवलं होतं. मग काय विचारता! आख्ख्या चर्चमध्ये लोक डोळे मिटून बसलेले आणि आमचा मुलगा त्या व्हायोलावाल्यावर डोळे रोखून कुत्रा मोजतोय. उन्हाळ्यातल्या वादळात पहिल्या व्हायोलिनवाल्यानं अशी काही जलद फिरत घेतली, की भाग संपताक्षणीच्या त्या निःशब्द शांततेत, जिथे पाश्चात्त्य रिवाजानुसार खोकायची तेवढी मुभा असते, आमच्या रांगेतून खणखणीत आवाज आला, "क्या बात है!"

थोरली. पंचाऐंशी टक्क्यांनी उत्तीर्ण झालेली, शिस्तीची थोरली.

पुढच्या बाईंनी मागे वळून पाहिलं. बायकोनं छताकडे पाहिलं. तिथे देवदूत होते. तिकडेही लोक "ब्राव्हो" म्हणतात, पण सगळं आटोपल्यावर. जागच्या जागी दाद देणं आपल्या मुलीला चार मैफलींत आलं, एवढ्यावर मी त्या सहलीचे पैसे वसूल धरतो. आप्पांना फोनवर सांगितलं तर ते म्हणाले, "तेवढ्यासाठी तिथे कशाला जायला पाहिजे होतं?" त्यांचंही खरं आहे.

परत आल्यावर मला जे जाणवलं ते असं. मुलांना घेऊन गाणं ऐकायला आपल्याकडची सर्वांत उत्तम सोय म्हणजे दिवाळी पहाट, आणि ती बिनव्हिसाची आहे. शाळेला सुट्टी. मुलं उटणं लावून तशीही पहाटे उठलेली. पोटात चकली. एरवीच्या मैफली संध्याकाळी होतात, त्यामुळे ललत, भटियार, अहिरभैरव, तोडी हे सकाळचे राग समोर बसून ऐकायला मिळणं दुर्मीळ. ते पहाटेलाच मिळतात. कार्यक्रमाची आखणीही मुलांना सोसेल अशी. एखादा राग, मग नाट्यपद, मग अभंग, शेवटी भैरवी आणि उजाडलं. पाडव्याला गावात नेहरू चौकातल्या पिंपळपारावर पहाट होते. आप्पा तिथे स्वेटर, मफलर, कानटोपी अशा संपूर्ण साजात जातात आणि मुलांना पुढे बसवतात.

अडचण एकच, फटाके. कोमल ऋषभाच्या ऐन आंदोलनात मागच्या गल्लीत माळ लागते. यावर आप्पांनी मुलांना पुन्हा पलुसकर सांगितले. विष्णू दिगंबरांचे डोळे लहानपणी फटाका तोंडाजवळ उडून अधू झाले, शाळा सुटली, आणि म्हणून त्यांना मिरजेला बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे गाणं शिकायला पाठवलं. तेव्हा फटाके वाईट. धाकट्यानं थोडा विचार केला आणि म्हणाला, "पण फटाका उडाला नसता तर ते गायक झालेच नसते." आप्पा आयुष्यात प्रथमच पलुसकर अध्यायात अडखळले.

ज्यांच्या घरी सहा ते बारा वयाची मुलं आहेत त्यांना माझं एवढंच सांगणं. कडेच्या खुर्च्या धरा, म्हणजे उठता येतं. जमलं तर तबलजी दिसेल अशा बाजूला बसा. पोरगं मध्यंतरात घरी जायचं म्हणालं तर वाद न घालता घेऊन जा. पुढच्या वेळी ते मध्यंतरानंतरही बसतं. आणि घरी आल्यावर कोणता राग होता ते विचारू नका. नाशिकच्या पुष्कळ मैफलींना तिकीट नसतं, त्यामुळे अर्ध्यातून उठलं तरी काही बुडत नाही.

आणि आयोजकांना हात जोडून विनंती. दीपप्रज्वलन करा, शाल द्या, श्रीफळ द्या, प्रायोजकांना बोलू द्या. त्यांच्याच पैशावर आम्ही फुकट ऐकतो हे आम्ही विसरत नाही. फक्त पत्रिकेवर दोन वेळा छापा, एक समारंभाची आणि एक गाण्याची. पहिलीला मोठे येतील. दुसरीला आम्ही मुलांना घेऊन येतो.